सचोटीचा हिशेब

शाळेच्या फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. त्या सुविचारांत 'प्रामाणिकपणा हेच सर्वोत्तम धोरण' हे वाक्य वर्षातून दोन-चार वेळा तरी येतेच. आपण ते वाचले, वहीत उतरवून घेतले आणि पुढे आपल्या मुलांनाही शिकवले. मात्र त्यातील 'धोरण' या शब्दापाशी आपण सहसा थांबत नाही. धोरण हे फायद्यासाठी आखले जाते. फायदा होईनासा झाला की ते बदलता येते. किंबहुना ते बदलणे हेच शहाणपणाचे मानले जाते. मग जो मनुष्य प्रामाणिकपणा लाभदायक आहे म्हणून प्रामाणिक राहतो, त्याला प्रामाणिक म्हणावे की केवळ धोरणी?

हा प्रश्न आज उद्योगधंद्यांच्या जगात मोठ्या प्रमाणावर विचारला जात आहे, जरी त्याचे शब्द वेगळे असले तरी. एखादी कंपनी हवा-पाण्याची राखण करते, कामगारांशी नीट वागते, आपला अंतर्गत कारभार स्वच्छ ठेवते. अशा कंपनीला अधिक नफा होतो काय? गेल्या दोन-तीन दशकांत या एका प्रश्नावर हजारो संशोधकांनी लेखणी झिजवली आहे. आपल्या देशात कायद्यानेही त्याची दखल घेतली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. पुढे 'सेबी' या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून आपल्या पर्यावरणविषयक, सामाजिक आणि कारभारविषयक वर्तनाचा सविस्तर अहवाल देणे सक्तीचे केले.

आमच्या धर्मग्रामात शेअर घेणारी माणसे ती किती, असे कुणी म्हणेल. परंतु हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीची काही रक्कम ऑगस्ट २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवली जाते. विमा, म्युच्युअल फंड, सहकारी बँकेतील ठेव या वाटांनी आपल्यापैकी बहुतेकांचा पैसा कुठल्या ना कुठल्या उद्योगात काम करीत असतो. तो पैसा कसा वाढतो, हे न पाहता केवळ किती वाढला एवढेच पाहावे काय, हा प्रश्न म्हणून आपल्या घरातलाच आहे.

प्रथम विरोधी बाजू ऐकून घेऊ, कारण ती उथळ नाही. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत एक लेख लिहिला. फसवणूक न करता, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, असा त्याचा आशय होता. कंपनीचा व्यवस्थापक हा मालक नव्हे. तो भागधारकांचा विश्वस्त आहे. दुसऱ्याच्या पैशाने दानशूर होण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? समाजकार्य करायचे असेल तर ते भागधारकाने आपल्या वाट्याच्या पैशातून करावे. एखाद्या विधवेने आपली पुंजी ज्याच्या हाती सोपवली आहे, त्याने ती परस्पर सत्कार्याला वाटून टाकली तर आपणही त्याला दोषच देऊ. फ्रीडमन यांच्या म्हणण्यात हे एवढे तथ्य निश्चित आहे.

या आक्षेपाला उत्तर म्हणून उद्योगक्षेत्रातील सुधारकांनी एक सोयीची वाट काढली. ते म्हणाले, सत्कार्य आणि नफा यांत विरोधच नाही. जी कंपनी नीट वागते तिलाच शेवटी अधिक नफा होतो, तेव्हा विश्वस्ताने भागधारकांच्या हितासाठीच नीट वागावे. युक्तिवाद आकर्षक आहे. तो खरा असेल तर सर्व भांडण मिटले. म्हणून तो कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२०१५ साली गुन्नार फ्रीडे, टिमो बुश आणि अलेक्झांडर बासेन या तीन संशोधकांनी १९७० च्या दशकापासून या विषयावर झालेल्या सुमारे २,२०० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के अभ्यासांत सद्वर्तन आणि आर्थिक कामगिरी यांचा संबंध प्रतिकूल आढळला नाही, आणि पुष्कळ अभ्यासांत तो अनुकूल आढळला. हा आकडा आता सभा-संमेलनांतून वारंवार सांगितला जातो. परंतु 'प्रतिकूल नाही' याचा अर्थ 'अनुकूल आहे' असा होत नाही; संबंध मुळीच न आढळणे हेही त्यात आले. शिवाय दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. सधन घराच्या अंगणात बाग असते. बागेमुळे घर सधन झाले असे आपण म्हणत नाही. भरभराटीला आलेल्या कंपनीला धुराड्यावर गाळणी बसवणे परवडते, एवढाच त्या संबंधाचा अर्थ कित्येकदा असू शकेल.

त्यातही सद्वर्तन मोजायचे कसे, याबाबत मोजणाऱ्यांतच एकमत नाही. कंपन्यांना या बाबतीत गुण देणाऱ्या सहा संस्थांच्या गुणांची तुलना करणारा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. या संस्थांचा परस्परांशी पूर्ण मेळ असता तर सहसंबंधाचा आकडा १ आला असता. प्रत्यक्षात सरासरी ०.५४ आली. एका परीक्षकाने उत्तम ठरवलेला विद्यार्थी दुसऱ्याच्या लेखी काठावर पास, असा हा प्रकार आहे.

आणि विरुद्ध पुरावाही आहे. हॅरिसन हाँग आणि मार्चिन काकपर्चिक या दोन अभ्यासकांनी २००९ साली दाखवून दिले की अमेरिकेत मद्य, तंबाखू आणि जुगार या धंद्यांतील कंपन्यांच्या शेअरांनी इतरांपेक्षा अधिक परतावा दिला. याचे कारण समजण्यास कठीण नाही. अनेक संस्था तत्त्वापायी असे शेअर घेत नाहीत. गिऱ्हाईक कमी म्हणून त्यांचा भाव उतरलेला राहतो. जो कुणी तो उतरलेल्या भावाने घेतो, त्याच्या पदरात मिळकतीच्या मानाने अधिक पडते. म्हणजे सज्जनांनी पाठ फिरवली की जो पाठ फिरवीत नाही त्याचा लाभ वाढतो. सदसद्विवेक राखण्याची किंमत मोजावी लागते ती ही अशी.

आता आकडे बाजूला ठेवून तीन प्रत्यक्ष उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण मुंबई परिसरातील वाचकांना फारसे सांगावे लागणार नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदारांना सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असे जाहीर केले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली, तरी त्या पहिल्या दिवसांत बँकेच्या दारांत उभ्या राहिलेल्या वृद्धांचे चेहरे अनेकांच्या स्मरणात असतील. मार्च २०१९ च्या ताळेबंदात याच बँकेने आपली थकीत कर्जे अवघी ३.७६ टक्के दाखवली होती. प्रत्यक्षात सुमारे ८,८८० कोटी रुपयांच्या एकूण कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेली होती, आणि ती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली, असे पोलिसांकडे नोंदवलेल्या तक्रारीत म्हटले आहे. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवी मात्र दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत टप्प्याटप्प्याने परत करण्याची योजना ठरली. सत्तरी ओलांडलेल्या ठेवीदाराला दहा वर्षांच्या मुदतीचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

येथे सचोटी आणि पैसा यांचे नाते घट्ट दिसते. पतपेढी, बँक, विमा यांचा सारा व्यवहार विश्वासावर उभा असतो. त्यांच्याकडे विकण्यासारखा दुसरा माल नसतो. म्हणून कारभार बिघडला की आज ना उद्या संस्था कोसळतेच. मात्र 'आज ना उद्या' या शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. ताळेबंद खोटा असतो तोवर तो खऱ्याहून अधिक देखणा दिसतो. खोट्याला नफा होत नाही असे नव्हे. तो आधी होतो, आणि तोटा नंतर, बहुधा दुसऱ्याच कुणाच्या माथी येतो.

दुसरे उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या डिसेंबरमधील दोन आणि तीन तारखांच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली. कारखाना तोट्यात होता आणि काटकसर चालू होती. टाकीतील द्रव थंड ठेवणारी यंत्रणा बंद करण्यात आलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. १९८९ च्या फेब्रुवारीत ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली; भारत सरकारचा मूळ दावा ३०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा होता. १९८८ सालच्या वार्षिक अहवालात कंपनीने ते वर्ष आपल्या इतिहासातील सर्वांत चांगले असल्याचे नमूद केले. त्या वर्षी प्रत्येक शेअरमागे ४.८८ डॉलर नफा झाला, आणि तोही भोपाळच्या दाव्यापोटी शेअरमागे ४३ सेंट वजा केल्यानंतर.

बारा रुपयांतला सुमारे एक रुपया वजा व्हावा, तसा हा हिशेब. पुढे ती कंपनी आक्रसली हे खरे. परंतु त्यात १९८५ साली झालेल्या ताबा मिळवण्याच्या झटापटीचा आणि त्यापायी विकाव्या लागलेल्या धंद्यांचाही वाटा होता. २००१ साली ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. २०२३ च्या मार्चमध्ये वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्याच्या आवारात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा तेथून हलायला २०२५ साल उजाडावे लागले. भोपाळने काय भोगले आणि भागधारकाने काय भोगले, यांत जे अंतर आहे ते कोणत्याही सांख्यिकीने भरून निघणार नाही. दुर्वर्तन शेवटी तोट्यात जाते, असे ज्यांना सरसकट म्हणायचे असेल त्यांनी हा अहवाल एकदा समोर ठेवावा.

तिसरे उदाहरण जमशेदपूरचे. टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ साली कामगारांसाठी आठ तासांचा दिवस ठरवला; १९२० साली पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी सुरू केला. देशात आठ तासांना कायद्याचा सार्वत्रिक आधार मिळाला तो १९४८ च्या कारखाने कायद्याने. पण या सवलतींमुळे कारखाना सुखात होता असे समजू नये. स्वस्त परदेशी पोलादामुळे १९२४ साली तो बुडण्याच्या बेतात आला. कामगारांचे संपही तेथे झाले. दोराबजी टाटांनी आपली खासगी मालमत्ता, पत्नीच्या प्रसिद्ध 'ज्युबिली' हिऱ्यासह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले, आणि त्याच वर्षी सरकारने देशी पोलादाला जकातीचे संरक्षण दिले, तेव्हा कुठे कारखाना तगला. म्हणजे भलेपणाने संकट टळले नाही. परंतु संकट आले म्हणून आठ तासांचे पुन्हा बारा तासही झाले नाहीत. या उदाहरणाचे मोल मला त्या दुसऱ्या वाक्यात दिसते.

या तीन उदाहरणांवरून एक भेद लक्षात येतो. ज्या दुर्वर्तनाचा फटका संस्थेच्या स्वतःच्या विश्वासाला बसतो, तेथे सचोटी आणि लाभ बहुतेक वेळा एकाच वाटेने चालतात. ज्याचा फटका परक्याला बसतो, म्हणजे नदीकाठच्या गावाला, पुढच्या पिढीला, ज्याचा आवाज कचेरीपर्यंत पोहोचत नाही त्याला, तेथे त्या वाटा फुटतात. वसईच्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले तेव्हा विकणाऱ्याच्या वहीत नफाच लिहिला गेला. शेजारच्या वाडीत विहिरीला खारे पाणी लागले, केळीची पाने करपली, त्याची नोंद कुणाच्याच वहीत झाली नाही. खर्च नाहीसा झाला नव्हता. तो कुंपणापलीकडे ढकलला गेला होता. कंपन्यांच्या बाबतीतही पुष्कळदा हेच घडते. असा ढकललेला खर्च ज्याच्या त्याच्या वहीत परत आणणे हे मुख्यतः कायद्याचे काम आहे. ते बाजाराच्या शहाणपणावर सोपवणे म्हणजे ज्याचा फायदा होतो त्यालाच पंच नेमणे.

आणि येथेच फ्रीडमन यांच्या आक्षेपालाही उत्तर मिळते. विश्वस्ताने दुसऱ्याच्या पैशाने दान करू नये, हे मान्य. परंतु दुसऱ्याच्या अंगणात घाण न टाकणे हे दान नव्हे. ते देणे आहे. विधवेची पुंजी सांभाळणाऱ्याला तिच्या पैशाने धर्मादाय करण्याचा अधिकार नसेल, तसा तिच्या नावाने कुणाचे देणे बुडवण्याचाही अधिकार नाही. आपल्याकडील दोन टक्क्यांच्या नियमाने थोडा गोंधळ होतो तो असा, की समाजाप्रती असलेले कर्तव्य म्हणजे नफ्यातून काढून ठेवायचा एक वाटा, अशी समजूत पसरते. दोन टक्क्यांतून शाळेला संगणक मिळाले, दवाखान्याला रुग्णवाहिका मिळाली, हे चांगलेच. पण खरा प्रश्न उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा, किंबहुना शंभरच्या शंभर टक्के कसे मिळवले याचा आहे. देहूच्या तुकोबांनी, जे स्वतः वाण्याच्या व्यवसायात होते, धन जोडण्याचा निषेध केला नाही. ते कोणत्या व्यवहाराने जोडावे, याकडे बोट दाखवले.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ साली 'सेन्तेसिमुस आन्नुस' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यातही नफ्याला तुच्छ लेखलेले नाही. नफा हे उद्योग नीट चालल्याचे एक लक्षण आहे, असे ते मानते. मात्र जमाखर्च चोख असतानाही तेथे राबणारी माणसे अपमानित होत असू शकतात, म्हणून ते एकमेव लक्षण नव्हे, असेही ते बजावते. ताप मोजण्याचे यंत्र उपयोगाचे असते. पण ताप नाही म्हणजे प्रकृती उत्तम, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.

तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण घेतले होते. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकालाही जादा दर लावत नाही. लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्तपणे सामान आणू शकते. पण तो असे वागतो ते कर्तव्य म्हणून की धंदा टिकावा म्हणून? बाहेरून पाहणाऱ्याला दोहोंत काहीच फरक दिसणार नाही. फरक दिसेल तो ज्या दिवशी फसवणे निर्धोक आणि किफायतशीर ठरेल त्या दिवशी. बायबलमधील ईयोबाच्या कथेचा आरंभही याच संशयाने होतो. ईयोब देवभीरू आहे तो फुकट थोडाच, त्याच्याभोवती संपत्तीचे कुंपण आहे, ते काढून घ्या आणि मग पाहा, अशा आशयाचे आव्हान सैतान देतो. ईयोबाचे पशू गेले, मुले गेली, देह व्रणांनी भरला. त्याने वाद घातला, आक्रोश केला, पण आपला प्रामाणिकपणा सोडला नाही. ज्या संशोधनाला सद्वर्तनाचा नफा सिद्ध करायचा आहे, ते नकळत सैतानाचाच प्रश्न विचारीत असते, आणि उत्तर 'होय, मोबदला मिळतो' असे आले की आनंदित होते.

याचा अर्थ ते संशोधन निरर्थक आहे असा नव्हे. जगात संत थोडे असतात; चांगले वागण्याने निदान तोटा होत नाही हे कळले, तर पुष्कळ काठावरची माणसे चांगल्या बाजूला येतात. दुकानदार कोणत्याही हेतूने योग्य माप घालो, गिऱ्हाइकाच्या घरी धान्य पुरेसेच जाते. म्हणून नफ्याचा दाखला देऊन कुणी एखाद्या कंपनीला नदीत सांडपाणी सोडण्यापासून परावृत्त करीत असेल, तर त्याला अडवण्याचे कारण नाही. फक्त त्याच दाखल्यावर सारी इमारत उभारू नये. उद्या एखाद्या नव्या अभ्यासाने आकडा उलटा दाखवला, तर त्या इमारतीतून नदीने कुठे जावे?

आपल्या हाती यातले काय आहे, असे वाचक विचारतील. मोठ्या कंपन्यांच्या सभांत आपला आवाज पोहोचणार नाही. परंतु आपल्यापैकी पुष्कळजण सहकारी पतपेढ्यांचे आणि बँकांचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी येतो, तो न उघडता रद्दीत जातो, आणि सभेला आपण गेलोच तर लाभांश किती टक्के एवढे विचारून परततो. त्याऐवजी सर्वांत मोठी कर्जे किती जणांकडे आहेत, संचालकांच्या नातलगांना कर्जे दिली आहेत काय, लेखापरीक्षकाने कोणते शेरे मारले आहेत, हे प्रश्न विचारता येतील. आपली मुले कचेऱ्यांत, कारखान्यांत, हिशेबखात्यांत नोकरी करतात. खोट्या कागदावर सही करण्याची वेळ त्यांच्यावर येईल तेव्हा प्रामाणिकपणा फायद्याचा असतो एवढीच शिदोरी त्यांच्याजवळ असली, तर ती त्या दिवशी पुरणार नाही, कारण त्या दिवशी तो फायद्याचा नसेल. त्यांना हे आधीच सांगून ठेवलेले बरे. काही वेळा सचोटीचा मोबदला मिळतो, काही वेळा तिच्यापायी नोकरी जाते, आणि दोन्ही वेळा ती तितकीच आवश्यक असते.